सभेला माणसं किती होती?

मंडळाचा कुठलाही कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी फोन वाजतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "काय, माणसं किती होती?" कार्यक्रम कसा झाला, कोण काय बोललं, हे प्रश्न मागाहून, आणि तेही फोन करणाऱ्याला सवड असेल तर. गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर देताना आमची छाती फुगलेली असते. पण गेल्या नोव्हेंबरात व्याख्यान झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही फोनच उचलला नाही.

माणसं अकरा होती. हिशेब नीट सांगतो. एक स्वतः व्याख्याते काका. दुसऱ्या काकू. तिसरा त्यांचा नातू, त्याला प्रोजेक्टर चालवायला धरून आणलेलं. कमिटीचे आम्ही चौघे. आमची सौ., कारण समोसे तिच्या गाडीत होते. एक आजी, त्यांना मुलगा सोडून गेला होता आणि दीड तासाने न्यायला येणार होता. आणि नुकतंच भारतातून आलेलं एक तरुण जोडपं, त्यांना हा जेवणाचा कार्यक्रम वाटला होता. खुर्च्या साठ मांडलेल्या, समोसे पन्नास. बाहेर मोसमातला पहिला बर्फ पडत होता, त्यामुळे निदान सांगायला कारण तरी मिळालं.

विषय होता महाराष्ट्रातल्या बारवा आणि जुन्या विहिरी. काका पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. तीन महिने खपून त्यांनी चित्रं गोळा केली होती. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीचा तर त्यांनी स्वतः नकाशा काढून आणला होता. काका रिकाम्या खुर्च्यांकडे न बघता पाऊण तास बोलले. मग सामान आवरलं, नकाशाची गुंडाळी केली आणि "बराय, येतो" म्हणून गेले. दर वेळी दारात थांबून "पुढच्या वेळी काय घेऊ या?" असं विचारणारा माणूस. या वेळी ते तसं विचारायला थांबले नाहीत.

डिसेंबरच्या कमिटीत हिशेब मांडला. हॉलचं भाडं, विम्याचे पैसे, समोसे. समोरच्या बाजूला भारतातून येणाऱ्या नामवंत कलाकारांच्या कार्यक्रमाचं आकर्षण. तिथे सभागृह भरतं, प्रायोजक मिळतात, फोटो छान येतात. तेव्हा 'पुढील वर्षापासून स्थानिक व्याख्यानांचा उपक्रम बंद करावा आणि त्याचा निधी मुख्य कार्यक्रमाकडे वळवावा' असा ठराव वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरलं. हा ठराव कुणा दुष्ट माणसाने मांडला असं वाचकांना वाटत असेल तर सांगून टाकतो. तो आम्हीच मांडला.

आता मध्येच प्रवासवर्णन कुठून आलं असं म्हणू नका. या उन्हाळ्यात आम्ही गाडीत पोळ्या, चटणी आणि दोन मुलं घालून प्रिन्स एडवर्ड आयलंडला गेलो. टोरांटोपासून सुमारे सतराशे किलोमीटर. आम्हाला बघायचा होता १९९७ साली झालेला १२.९ किलोमीटर लांबीचा पूल, आणि कन्येला बघायचं होतं 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'चं गाव. पूल ओलांडायला दहा-बारा मिनिटं लागली. बाकीचे चार दिवस ॲनचे झाले.

बेटावर उतरल्यावर पहिली ओरडली ती सौ. ती रत्नागिरीकडची. "अहो, ही तर आमची माती!" खरंच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोकणासारखी लालभडक माती. आंब्याफणसाच्या जागी बटाटे, एवढाच फरक. समुद्र आहे, उतरत्या छपरांची घरं आहेत, आणि सगळ्यांना सगळ्यांच्या भानगडी ठाऊक असाव्यात असं एकंदर वातावरण आहे.

कॅव्हेंडिश हे त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं खेडं. १७९० च्या सुमारास मॅक्नील, सिम्प्सन आणि क्लार्क या तीन स्कॉटिश घराण्यांनी वसवलेलं. लेखिका ल्यूसी मॉड माँटगोमरी ही मॅक्नीलांची नात. तिचा जन्म १८७४ चा. दोन वर्षांची व्हायच्या आतच आई गेली आणि ती आजी-आजोबांकडे वाढली. त्यांचं घर आता उभं नाही. झाडीमध्ये दगडी पाया तेवढा राहिला आहे आणि वंशजांनी तो निगुतीने जपला आहे. कन्या त्या पायाकडे देवळात आल्यासारखी बघत उभी राहिली. आम्ही मात्र तिथली माहिती वाचताना एका नावावर अडकलो. 'कॅव्हेंडिश लिटररी सोसायटी.'

लिटररी सोसायटी? या एवढ्याशा गावात? आमच्या डोळ्यांसमोर शेतं, चर्च, शाळा आणि स्मशान, एवढंच दिसत होतं. परत आल्यावर आम्ही आपल्या गावच्या लायब्ररीतून बाईंच्या रोजनिशीचे खंड आणले (१९८५ पासून ते छापून येऊ लागले) आणि रात्री जागून वाचले. सौ.ने विचारलं, "ऑफिसचं काही आहे का?" आम्ही म्हटलं, "नाही, कमिटीचं."

तर ही सोसायटी १८८६ साली निघाली आणि विसावं शतक उजाडल्यावरही पुष्कळ वर्षं चालली. उद्देश एकच, सभासदांनी एकमेकांना शहाणं करायचं. गावच्या हॉलमध्ये जमायचं. कुणी निबंध वाचायचा, कुणी कविता म्हणायची, कधी व्याख्यान, कधी वादविवाद. सभासदांच्या पैशातून छोटं ग्रंथालय चालवायचं. बोलणारे कोण? शेतकरी, शाळामास्तर, पाद्री, आणि त्यांच्या मुली-सुना. बाहेरचा मोठा माणूस आला तर आनंद, पण तो येईपर्यंत सभा थांबून राहायची नाही.

हे वाचताना आम्हाला आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहीना. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कल्याणचं १८६४ चं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे गावोगाव चार शहाणी माणसं सतरंजी अंथरून 'आज काय ऐकू या' म्हणत होती, त्याच काळात इथेही चार माणसं कंदील लावून तेच म्हणत होती. फरक ऋतूचा. आपल्याकडे शाळा-कोर्टं मिटली की वसंतात व्याख्यानं. इथे शेतं बर्फाखाली गेली की हिवाळ्यात. म्हणजे पहिल्या बर्फाने आमचं व्याख्यान पडलं असं आम्ही ज्या बर्फाकडे बोट दाखवून सांगत होतो, त्याच बर्फात यांची सभा भरत असे. लोक घोड्याच्या घसरगाडीतून यायचे. आमच्याकडे गाडीत सीट गरम करायचं बटण आहे.

आता या सोसायटीत माँटगोमरी बाईंचं काय चाललं होतं ते बघा. पोरवयातच तिने गावच्या व्यासपीठावर कविता म्हणायला सुरुवात केली. पुढे सभासद झाली, निबंध वाचले, ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडण्यात भाग घेतला. मधे शिक्षिका म्हणून इकडे-तिकडे राहिली, एक वर्ष हॅलिफॅक्सच्या कॉलेजात काढलं. १८९८ साली आजोबा गेले आणि म्हाताऱ्या आजीला एकटं कसं ठेवायचं म्हणून ती परत येऊन राहिली. मधे काही महिने हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्रात नोकरी केली, तेवढं सोडलं तर १९११ पर्यंत ती या खेड्यातच होती. गावचं पोस्ट या मॅक्नीलांच्याच घरात होतं. हे तिच्या फार पथ्यावर पडलं. कथा मासिकांकडे पाठवायच्या आणि त्या साभार परत आल्या तरी गावात कुणाला पत्ता लागायचा नाही, कारण टपाल फोडणारी तीच.

'ॲन'चं हस्तलिखित असंच चार-पाच प्रकाशकांनी परत पाठवलं. मग तिने ते टोपीच्या खोक्यात टाकून दिलं. पुढे कधीतरी खोकं हाताला लागलं, पुन्हा वाचलं, पुन्हा पाठवलं, आणि बोस्टनच्या प्रकाशकाने घेतलं. १९०८ च्या जूनमध्ये पुस्तक निघालं आणि वर्षभरात पुनःपुन्हा छापावं लागलं. ही पत्रं वाटणारी मुलगी काय लिहीत बसते याची कॅव्हेंडिशच्या बहुतेकांना तोवर कल्पना नव्हती. पण तिला माणसांसमोर उभं करून ऐकून घेण्याचं काम मात्र त्यांनी कितीतरी वर्षं केलं होतं.

आणि तिने ते विसरलं नाही. पुस्तकं उघडून पाहा, जागोजागी मंडळंच मंडळं आहेत. पहिल्या पुस्तकात डिबेटिंग क्लबचा कार्यक्रम आहे. फेब्रुवारीतली रात्र, ॲनला आयुष्यात प्रथमच असा कार्यक्रम बघायचाय, मरिला "नाही" म्हणते आणि मॅथ्यू तिला हळूहळू वळवतो. पुढे ॲन आणि तिच्या मैत्रिणी मिळून गोष्टी लिहायचा क्लब काढतात. 'द गोल्डन रोड' या १९१३ च्या पुस्तकात मुलं स्वतःचं मासिक काढतात. आपल्या शाळेतलं हस्तलिखित, दुसरं काही नाही.

पण आमचं सर्वांत आवडतं प्रकरण १९०९ च्या 'ॲन ऑफ ॲव्हनली'मधलं आहे. तरुण मंडळी गावसुधारणेची सोसायटी काढतात आणि पहिलं काम म्हणून गावच्या हॉलला रंग द्यायचं ठरवतात. ॲन आणि डायना दारोदार वर्गणी मागत हिंडतात. मंडळाची वर्गणी गोळा केलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं. एक बाई पैसे देते पण तक्रारी ऐकवून. एक गृहस्थ बायको घरी नसताना ॲप्रन बांधून केक करायला बसलेला असतो, ॲन त्याला कृती सांगते आणि मग तो खुशीने पैसे काढतो. शेवटी रक्कम जमते, हिरवा रंग ठरतो आणि रंगाऱ्यापर्यंत निरोप पोचताना रंगाचा नंबर चुकतो. हॉल होतो भडक निळा! एक आकडा चुकला की काय होतं हे आम्हां इंजिनियर लोकांना कुणी सांगायला नको. पोरं रडकुंडीला येतात. पण गंमत अशी की त्या निळ्या हॉलमुळेच गावाला त्यांची दया येते आणि आजवर नाक मुरडणारे लोक त्यांच्या बाजूचे होतात. हे जिने लिहिलं ती नक्कीच कमिटीच्या बैठकांना बसलेली होती, याबद्दल आमची खात्री आहे.

१९११ साली आजी वारली आणि माँटगोमरी बाईंनी लग्न केलं. नवरा पाद्री, त्याची नेमणूक ऑन्टॅरिओत लीस्कडेलला. आपल्यापैकी जे टोरांटोच्या उत्तरेला राहतात त्यांना अक्सब्रिज ठाऊक असेल, त्याच्या थोडं वर हे खेडं. म्हणजे बाई समुद्र सोडून परप्रांतात आलेली सून. पाद्र्याच्या बायकोला गावात सगळ्यांशी सारखं हसून बोलावं लागतं, जिवाभावाची अशी एकीला धरता येत नाही. १९१९ पासून नवऱ्याचं मानसिक आजारपण सुरू झालं, आणि ते लोकांपासून लपवायचं ओझंही तिच्यावरच. रोजनिशीतली ही पानं वाचताना आम्ही दोनदा पुस्तक मिटून ठेवलं.

अक्सब्रिजला तेव्हा बायकांचा एक वाङ्मयीन क्लब होता, १९०७ साली निघालेला. नाव 'हायपेशिया क्लब', अलेक्झांड्रियाच्या प्राचीन गणिती विदुषीवरून. बाई त्याची सभासद झाली. चार पुस्तकं वाचलेल्या बायका एकमेकींसमोर काही वाचून दाखवायच्या, त्यावर बोलायच्या. तोवर जगभर नाव झालेली लेखिका अक्सब्रिजच्या बैठकीत जाऊन बसत होती. तिला तिथे टाळ्या नको होत्या, त्या तिला भरपूर मिळत होत्या. तिला आपल्या भाषेत बोलता येईल अशी माणसं हवी होती. परदेशात दहा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

अक्सब्रिजचीच आणखी एक गोष्ट. तिथे घड्याळाच्या मनोऱ्याची सुंदर लायब्ररी आहे. १८८७ साली जोसेफ गूल्ड यांच्या देणगीतून ती इमारत उभी राहिली, ती तिथल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटसाठी. ही इन्स्टिट्यूट म्हणजे कारागिरांना संध्याकाळी पुस्तकं आणि व्याख्यानं मिळावीत म्हणून चालवलेली वर्गणीची संस्था. अशा संस्था ऑन्टॅरिओत गावोगाव होत्या. टोरांटोची १८३० सालची. १८८४ साली टोरांटोची सार्वजनिक लायब्ररी उघडली ती याच संस्थेच्या इमारतीत, तिच्याच पुस्तकांवर. पुढे १८९५ च्या कायद्याने उरलेल्या संस्थाही सार्वजनिक वाचनालयं झाल्या. आपण शनिवारी पोरांना घेऊन जातो, फुकट पुस्तकं आणतो, ती लायब्ररी मुळात कुठल्यातरी गावच्या लोहार-सुतारांच्या वर्गणीतून निघालेली असू शकते. त्यांच्या व्याख्यानांना किती माणसं असायची, हे आज कुणीच विचारत नाही.

कमिटीत आमचे एक मित्र म्हणाले, "अहो, पण लोकांना मोठं नाव लागतं." बरोबर आहे, आणि तोही प्रयोग या देशात झालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठी १८७४ साली निघालेल्या उन्हाळी वर्गांच्या नावाने पुढे फिरती व्याख्यानं आणि करमणूक गावोगाव जाऊ लागली. १९१७ साली कॅलगरीहून जे. एम. एरिकसन आणि त्यांच्या पत्नी नोला यांनी ती कॅनडात सुरू केली. गावाबाहेर मोठा तंबू लागायचा. पाच-सहा दिवस व्याख्यानं, गाणं, नाटक. प्रेअरीतल्या एकाकी शेतावर राहणाऱ्या कुटुंबांना वर्षातून एकदा जग भेटायचं. ते लहान काम नव्हतं आणि आम्ही त्याला नावं ठेवणार नाही.

पण त्याची व्यवस्था कशी होती पाहा. आधी गावच्या काही लोकांनी करारावर सह्या करायच्या. तिकिटं ठरल्याइतकी खपली नाहीत तर तूट या हमीदारांनी खिशातून भरायची. दुष्काळ आणि मंदी आली, घरात रेडिओ आला, बोलपट आले, आणि १९३५ साली कॅनडातला हा उपक्रम थांबला. तंबू गेल्यावर त्या जागी पिवळं पडलेलं गवत उरायचं. वर्षभर ज्या गावात स्वतःची सभा भरत असे तिथे मात्र बोलणारी आणि ऐकणारी माणसं शिल्लक राहायची. म्हणून आम्ही म्हणतो, मोठा कलाकार जरूर आणा, आम्ही पहिल्या रांगेचं तिकीट काढू. पण गावच्या सभेचे पैसे काढून तंबू उभारू नका.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला टोचली, तीही सांगतो. त्या काळच्या कॅनडातल्या खेड्यांत हिंदुस्थानाविषयी भाषणं होत नव्हती असं नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मिशन १८७७ पासून इंदूरकडे होतं. म्हणजे होळकरांच्या राज्यात, जिथे कित्येक घरांत मराठी बोलली जायची. सुटीवर परतलेले मिशनरी गावोगावच्या चर्चमध्ये आपल्या लोकांबद्दल बोलायचे. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या, पैसे द्यायच्या. त्यातल्या कित्येकांचा हेतू चांगलाच असेल, शाळा-दवाखाने त्यातून निघाले. पण आपल्याबद्दल बोलणारं माणूस आपल्यातलं नसायचं. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेतल्या व्यासपीठांवर उभं राहून हिंदू स्त्रीची स्थिती स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि परत जाऊन १८८९ साली अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तकही लिहिलं. पण रमाबाईंसारखी माणसं किती?

आज हॉल आपल्या नावावर बुक होतो. माईक आपल्या हातात आहे. आपल्याकडच्या विहिरी कशा बांधल्या हे सांगायला आपल्यातलाच एक जाणकार माणूस तीन महिने तयारी करून येतो. आणि आम्ही, म्हणजे या सदराचे लेखक, समोसे उरले म्हणून ते बंद करायचा ठराव मांडतो.

कॅव्हेंडिशहून परतताना गाडीत कन्येने हाच विषय काढला. तिचं मराठी इंग्रजीच्या चालीने चालतं. "बाबा, त्या गर्लला त्यांनी बोलू दिलं ना, म्हणून ती रायटर झाली. मग तुम्ही आजोबांचं लेक्चर का बंद करताय?" सौ. खिडकीतून बाहेर बघत राहिली. ती अशा वेळी मुद्दाम काही बोलत नाही.

मग आम्हाला नोव्हेंबरातली एक गोष्ट आठवली, जी हिशेब लिहिताना आम्ही विसरलो होतो. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितले तर सगळे गप्प. आणि प्रोजेक्टरजवळ बसलेल्या त्या नातवाने हात वर केला. दहावीतला मुलगा, तोपर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसलेला असावा असा आमचा समज. त्याने विचारलं, "आजोबा, खाली खणताना पाणी लागलं असेल ना? पंप नव्हते, मग तळाचं दगडी बांधकाम त्यांनी कसं केलं?" प्रश्न अगदी मर्मावर होता. काका क्षणभर थांबले, मग चष्मा काढून पुसला आणि उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा काम धरायचं, मोटांनी उपसा चालू ठेवायचा, असं सगळं हाताने हवेत विहीर काढून दाखवलं. पंधरा मिनिटं दोघेच बोलत होते. तरुण जोडप्यातली मुलगी पुढे येऊन बसली. तिच्या माहेरी म्हणे अशीच एक बारव होती, कचऱ्याने भरलेली. आम्ही मागे उभे राहून हॉल रिकामा करायची वेळ झाली म्हणून घड्याळ बघत होतो.

परत आल्यावर आम्ही काकांकडे गेलो. ठराव आमचा होता हे सांगितलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अहो, चाळीस वर्षं मी लोकांना टेंडरं आणि अंदाजपत्रकं वाचून दाखवली. विहिरींबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी पोराने विचारलं." काकूंनी पोहे आणले. नातू आतून आला आणि आम्हाला एक कागद दाखवला. त्याने त्या बारा मोटांच्या विहिरीची आडवी काट काढली होती. मापं मीटरमध्ये, नावं मराठीत. 'थारोळं' हा शब्द त्याने आजोबांना विचारून लिहिला होता. आम्ही इंजिनियर असून आम्हाला तो आठवायला वेळ लागला.

तेव्हा वाचकहो, पुढच्या महिन्यात मंडळाची वार्षिक सभा आहे. ठराव पत्रिकेत छापून झाला आहे, आता तो नियमाप्रमाणे सभेपुढे येणारच. आमची नम्र विनंती आहे की आपण सर्वांनी यावं आणि आमच्या ठरावाच्या विरुद्ध मत द्यावं. आम्हीही देणार आहोत. घटनेत सूचकाला स्वतःविरुद्ध मत देता येतं की नाही हे चिटणीसांनी बघून ठेवावं.

आणि पर्यायी सूचना लिहून आणली आहे. साठ खुर्च्यांचा हॉल नको, लायब्ररीतली वीस खुर्च्यांची खोली पुरे. तिथलं भाडं कमी आहे. मोठं व्याख्यान अर्ध्या तासाचं, आणि त्याच्या आधी दहा मिनिटं एखाद्या मुलाने किंवा मुलीने बोलायचं, जमेल त्या मराठीत. मध्ये कुणी 'अरे, असं नाही म्हणायचं' करून व्याकरण दुरुस्त करायचं नाही. वर्षअखेर तूट आली तर ती भरायला पाच हमीदार हवेत. त्या कागदावर पहिली सही आमची झालेली आहे, दुसरी सौ.ने आमच्या हातून पेन घेऊन केली. तीन जागा शिल्लक आहेत.

पहिलं व्याख्यान नोव्हेंबरातच ठेवू या, बर्फ पडो न पडो. आधीची दहा मिनिटं काकांच्या नातवाची, नकाशासकट. समोसे पंचवीसच सांगितले आहेत.